अमेरिकेत सरकारच माशांचं बारसं करतंय, पण नाव बदललं म्हणून मासा ताटात येतो का?

इलिनॉय नदीच्या काठावर बाथ नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथं २००५ साली मासे पकडायची एक स्पर्धा सुरू झाली, नाव 'रेडनेक फिशिंग टूर्नामेंट'. या स्पर्धेत गळ नाही आणि आमिषही नाही. लोक डोक्यावर हेल्मेट घालून होडीत बसतात, हातात लांब दांड्याचं जाळं धरतात आणि मोटर सुरू करतात. मोटरच्या आवाजाने बिथरलेले मासे पाण्याबाहेर उड्या मारायला लागतात, कधीकधी तर पार दहा फुटांपर्यंत. ते हवेतच झेलायचे.

हेल्मेट काही शोभेसाठी नसतं. पळत्या होडीतल्या माणसाच्या तोंडावर पाच-सात किलोचा मासा आदळला तर नाक, जबडा काहीही मोडू शकतं. असे अपघात तिथल्या नद्यांवर झालेले आहेत.

या माशाचं इंग्रजी नाव सिल्व्हर कार्प. आता आपल्याकडे गावतलाव ठेक्याने घेणाऱ्या किंवा शेततळ्यात मासे पाळणाऱ्या कुणालाही विचारा, तो या माशाला बरोबर ओळखेल. मराठीत याला चंदेरा म्हणतात. त्याचा भाऊबंद ग्रास कार्प म्हणजे आपला गवत्या. कटला, रोहू, मृगळ यांच्या जोडीला चंदेरा आणि गवत्याची बोटुकली सोडायची, हे मत्स्यशेतीचं जुनं गणित आहे.

म्हणजे आपल्याकडे ज्याचं बीज पैसे मोजून तळ्यात सोडतात, तोच मासा नदीतून संपवण्यासाठी अमेरिका कोट्यवधी डॉलर खर्च करते. आणि त्या खर्चातला एक हिस्सा चक्क त्याचं नाव बदलण्यावर झालाय.

हे नेमकं काय प्रकरण आहे?

गोष्ट सुरू होते १९६३ मध्ये. तळ्यांमधलं गवत आणि पाणवनस्पती खायला घालण्यासाठी म्हणून अमेरिकेने आर्कान्सा आणि अलाबामा राज्यांमध्ये पहिल्यांदा गवत्या आणला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चंदेरा आणि बिगहेड हे दोन कार्प आले. हे दोघे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ आणि सूक्ष्मजीव गाळून खातात. त्यामुळे मत्स्यशेतीची तळी आणि सांडपाण्याची कुंडं स्वच्छ ठेवायला ते कामाला येतील, असा विचार होता. गोगलगायी खाणारा ब्लॅक कार्पही याच काळात पोचला.

विचार चांगला होता, पण पूर आले. तळी फुटली, मासे निसटले आणि मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात शिरले.

पुढे काय झालं ते समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. नदीत जन्मलेल्या प्रत्येक माशाचं पिल्लू सुरुवातीला सूक्ष्मजीवांवरच जगतं. चंदेरा आणि बिगहेड नेमकं तेच खाऊन टाकतात, आणि मोठे झाल्यावरही तेच खात राहतात. एक मादी लाखो अंडी घालते. बिगहेड तर चाळीस किलोपर्यंत वाढतो, म्हणजे इतक्या मोठ्या माशाला गिळणारा तिथं कुणी उरतच नाही. बघता बघता इलिनॉय नदीच्या काही पट्ट्यांमध्ये माशांच्या एकूण वजनातला मोठा वाटा याच पाहुण्यांचा झाला.

खरी भीती मात्र उत्तरेला आहे. १९०० साली शिकागो शहराने आपलं सांडपाणी मिशिगन सरोवरात जाऊ नये म्हणून एक कालवा काढला आणि शिकागो नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. त्या कालव्यामुळे मिसिसिपीचं खोरं आणि पाच महासरोवरं एकमेकांना जोडली गेली. महासरोवरांमधल्या मासेमारीची उलाढाल वर्षाला ७ अब्ज डॉलरच्या घरात असल्याचं सांगितलं जातं. हे मासे तिथं पोचले तर काय, म्हणून सरोवरापासून साधारण ६० किलोमीटर अलीकडे कालव्याच्या पाण्यात २००२ पासून विजेचं कुंपण चालू आहे.

कुंपण झालं, पण नदीत आधीच असलेल्या माशांचं करायचं काय? सगळ्यात सोपं उत्तर होतं, खा. घोडं अडलं ते इथेच.

'कार्प' म्हटलं की अमेरिकन माणूस नाक मुरडतो

याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८७७ मध्ये अमेरिकन सरकारच्या मत्स्य आयोगाने जर्मनीतून कॉमन कार्प मागवला, ज्याला आपल्याकडे सायप्रिनस म्हणतात. युरोपातून आलेल्या लोकांना हा मासा आवडायचा, स्वस्तात पोटभर अन्न मिळेल म्हणून सरकारने तो देशभर वाटला. पुढच्या काही दशकांत तो नद्यांमध्ये फोफावला, तळ उकरून पाणी गढूळ करू लागला आणि लोकांच्या मनातून उतरला. चिखलाच्या वासाचा, फेकून द्यायचा मासा अशी त्याची ओळख झाली.

चंदेरा आणि बिगहेड तळ उकरत नाहीत. ते वरच्या आणि मधल्या थरात राहतात, त्यांचं मांस पांढरं आणि सौम्य चवीचं असतं. पण आडनाव तेच, कार्प. बदनामीही तीच वाट्याला आली.

चीनमध्ये हेच चार मासे, म्हणजे गवत्या, ब्लॅक, चंदेरा आणि बिगहेड, 'चार थोर पाळीव मासे' म्हणून शतकानुशतकं मानाने खाल्ले जातात. हुनान प्रांतात बिगहेडचं डोकं मिरचीच्या ठेच्यात वाफवून वाढतात आणि ती मेजवानीची डिश समजली जाते.

'कार्प' या अर्ध्या नावाने गिऱ्हाईक पळालं. दुसऱ्या अर्ध्या नावाने वेगळाच वाद झाला.

अमेरिकेत या चौघांना मिळून 'एशियन कार्प' म्हटलं जायचं. मिनेसोटा राज्यात एक किस्सा सांगितला जातो. आशियातून आलेलं उद्योजकांचं शिष्टमंडळ विमानतळावर उतरलं आणि समोर पाटी होती, 'एशियन कार्पना ठार करा'. पाटी लावणाऱ्याच्या मनात मासाच होता, पण वाचणाऱ्याला काय वाटलं असेल ते सांगायला नको. २०१४ मध्ये मिनेसोटाने कायदा करून सरकारी खात्यांना 'इन्व्हेजिव्ह कार्प', म्हणजे घुसखोर कार्प, असं म्हणायला लावलं. त्यावर 'आता माशाच्याही भावना जपायच्या का' अशी खिल्ली उडाली. पण कोविडच्या काळात आशियाई वंशाच्या लोकांवर हल्ले वाढले, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्यानेही गाजावाजा न करता हेच नाव घेतलं.

अपमान टळला, पण 'घुसखोर' नावाचा मासा मेनूकार्डावर कोण मागवणार?

मग आला 'कोपी'

२२ जून २०२२ ला इलिनॉय राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याने नवं नाव जाहीर केलं, 'कोपी'. इंग्रजीत मुबलक या अर्थाचा 'कोपियस' हा शब्द आहे, त्याचा हा तुकडा. नद्यांमध्ये मुबलक आहे म्हणून कोपी. (आपल्याला कोपी म्हटलं की ऊसतोड कामगारांची झोपडी आठवते, पण शिकागोत बसून कुणाला ते माहीत असण्याचं कारण नाही.) शिकागोच्याच एका डिझाइन कंपनीने नाव आणि लोगो तयार केला. पाच वर्षांच्या या मोहिमेसाठी ६ लाख डॉलर ठेवले गेले, तेही महासरोवरं वाचवण्याच्या केंद्रीय निधीतून.

उद्दिष्ट मोठं होतं. एकट्या इलिनॉय नदीतून वर्षाला २ ते ५ कोटी पौंड, म्हणजे साधारण ९० लाख ते सव्वादोन कोटी किलो मासे काढता येतील, असा राज्याचा अंदाज होता.

हा काही पहिला प्रयत्न नाही. लुईझियानातले शेफ फिलिप परोला यांनी याच माशाला 'सिल्व्हरफिन' नाव देऊन बरीच वर्षं खटपट केली. केंटकीत 'केंटकी टुना' असंही नाव फिरलं, ज्यात टुना औषधालाही नव्हता. पण नाव बदलून नशीब पालटलेले मासे आहेत, म्हणून आशा सुटत नाही. पॅटागोनियन टूथफिश हा समुद्रातला कुरूप मासा कुणी विकत घेत नव्हतं. १९७७ मध्ये ली लान्ट्झ नावाच्या व्यापाऱ्याने त्याला 'चिलियन सी बास' म्हणायला सुरुवात केली. तो मासा बास नव्हता, पण महागड्या हॉटेलांनी तो डोक्यावर घेतला आणि पुढे इतकी पकड झाली की हा मासाच धोक्यात आल्याची ओरड सुरू झाली.

नाव ठरवायचा अधिकार कुणाचा?

गंमत अशी की नदीकाठची माणसं असल्या सरकारी बारशाची वाट कधीच बघत नव्हती. उत्तर अमेरिकेत गळ टाकायला गेलेल्या नवख्या माणसाची पहिली फजिती नावांवरून होते. अमेरिकेत ज्याला वॉलआय म्हणतात, तो कॅनडाच्या ओंटारिओत आणि मॅनिटोबात लोकांच्या तोंडी पिकरेल असतो आणि क्युबेकमध्ये दोरे. पण अमेरिकेत पिकरेल म्हणजे पाइकच्या कुळातला भलताच मासा. फ्रेशवॉटर ड्रमला ईरी सरोवरावर शीप्सहेड म्हणतात, लुईझियानात गॅस्परगू. तिथल्या दलदलीतला क्रॅपी हा साक-अ-ले होतो, आणि बोफिनचं शुपिक हे नाव तर चोक्टॉ या मूळनिवासी लोकांच्या भाषेतून आलंय.

हा नुसता गमतीचा मामला नाही. कुठला मासा किती इंचांचा हवा आणि दिवसाला किती पकडायचे, हे नियम नावानिशी लिहिलेले असतात. नाव चुकलं तर दंड बसतो.

म्हणून अमेरिकन फिशरीज सोसायटी ही शास्त्रज्ञांची संघटना १९४८ पासून माशांच्या प्रमाण नावांची यादी काढते. ही यादीही बदलते. 'स्क्वॉफिश' या नावातला पहिला शब्द मूळनिवासी बायकांना शिवीसारखा वापरला जायचा, म्हणून १९९८ मध्ये त्या माशाचं नाव पाइकमिनो झालं. बाजारातल्या लेबलांसाठी मात्र अन्न आणि औषध प्रशासनाची वेगळी यादी असते. थोडक्यात, शास्त्रज्ञांचं एक नाव, लेबलवर दुसरं आणि काठावरच्या माणसाच्या तोंडी तिसरं.

इलिनॉयच्या पावलावर मेरीलँडनेही पाऊल टाकलं, आणि ती गोष्ट आपल्याला जरा जास्तच जवळची आहे.

२००२ मध्ये मेरीलँडच्या क्रॉफ्टन गावातल्या एका तळ्यात स्नेकहेड मासा सापडला. सापासारखं डोकं, तीक्ष्ण दात, पाण्याबाहेरही काही काळ जिवंत राहणारा. टीव्हीवाल्यांनी त्याला 'फ्रँकनफिश' ठरवलं. सरकारने विष टाकून अख्खं तळं मारलं. तपासात कळलं की एका स्थानिक माणसाने आजारी बहिणीला सूप करून द्यायला म्हणून न्यूयॉर्कच्या बाजारातून दोन जिवंत मासे आणले होते, मग सूपची गरज उरली नाही आणि त्याने ते तळ्यात सोडून दिले. पण दोन वर्षांत हा मासा पोटोमॅक नदीत सापडायला लागला आणि तिथं कायमचा वस्तीला आला.

फ्रँकनफिश म्हणजे कोण, तर आपल्या मरळीचा सख्खा चुलत भाऊ. जात वेगळी, पण कुळ तेच, 'चन्ना'. कमी काट्यांची म्हणून मरळ आपल्याकडे रोहू-कटल्यापेक्षा चढ्या भावाने विकली जाते. मेरीलँडने शेवटी हेच शास्त्रीय नाव पुढे केलं. १ जुलै २०२४ पासून तिथल्या कायद्यात या माशाचं नाव आहे 'चेसापीक चन्ना'. आधी राक्षस म्हणून हिणवायचं, मग आपल्या खाडीचं नाव देऊन घरात घ्यायचं. पण हा मासा चवीला चांगला आहे, काटे कमी आहेत आणि गळाला लागला की झुंज देतो. नावाला साथ देणारा माल तिथं होता.

नाव देता येतं, तसं काढूनही घेता येतं

हॉटेलात बासा फिश खाणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट वाचायला हवी.

२००१ च्या सुमाराला व्हिएतनामच्या मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातून स्वस्त मासा अमेरिकेत यायला लागला. 'बासा' आणि 'त्रा' हे दोन मासे, दोन्ही मिशावाले, दोन्ही कॅटफिश. आपल्याकडचे मांगूर आणि शिंगाळा ज्या मोठ्या गटात येतात, त्याच गटातले. मिसिसिपी, अलाबामा, आर्कान्सा आणि लुईझियाना या राज्यांतले शेतकरी तळ्यांमध्ये कॅटफिशच पाळायचे, त्यांचा भाव पडला. शेतकऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. अनेकांनी कर्ज काढून तळी खोदली होती.

पण त्यांच्या नेत्यांनी जो उपाय काढला तो भन्नाट होता. २००२ च्या शेती कायद्यात लिहिलं गेलं की अमेरिकेत कॅटफिश हे नाव फक्त उत्तर अमेरिकेतल्या एका कुळालाच लावता येईल. जगात कॅटफिशच्या ३ हजारांहून जास्त जाती आहेत. एका कायद्याने बाकी सगळ्यांचं नाव काढून घेतलं.

व्हिएतनामी मासा बासा, त्रा, स्वाई अशा नावांनी विकला जाऊ लागला, आणि खपतच राहिला. मग २००३ मध्ये त्यावर साधारण ३७ ते ६४ टक्के अँटी-डम्पिंग शुल्क लागलं.

खरा विनोद पुढे आहे. २००८ च्या शेती कायद्याने कॅटफिशची तपासणी अन्न आणि औषध प्रशासनाकडून काढून जास्त कडक असलेल्या कृषी खात्याकडे दिली. आता प्रश्न आला, व्हिएतनामचा मासा यात धरायचा का? नाही धरला तर तो कडक तपासणीतून सुटतो. म्हणजे सहा वर्षांपूर्वी जो कॅटफिश नव्हता, तो आता कॅटफिश असायला हवा होता. यावर कित्येक वर्षं घोळ चालला. जॉन मॅकेन यांच्यासारखे खासदार या दुहेरी तपासणीला विरोध करत राहिले, सरकारी लेखापरीक्षकांनीही ती अनावश्यक ठरवली. शेवटी २०१४ च्या कायद्याने सगळ्या मिशावाल्या माशांना एकाच टोपलीत टाकलं आणि मार्च २०१६ पासून ही तपासणी सुरू झाली. लेबलवर तो कॅटफिश नाही, तपासणीच्या टेबलावर मात्र आहे. मासा तोच.

व्हिएतनामी शेतकऱ्यांनी तोवर दुसरी गिऱ्हाइकं शोधली होती. युरोपात हा मासा पांगा झाला, ब्रिटनमध्ये रिव्हर कॉब्लर. आपल्याकडे तो बासा म्हणून आला, आणि त्यातही मेख आहे. व्हिएतनामच्या तळ्यांमधून जे पीक निघतं त्यात खरा बासा नगण्य, जवळपास सगळा त्रा असतो. हाच त्रा १९९० च्या दशकात बांगलादेशमार्गे पश्चिम बंगालमध्ये आला आणि आता पंगस किंवा पंगासियस नावाने आपल्या धरणांमधल्या पिंजऱ्यांतही वाढतो. मच्छी मार्केटमध्ये पंगस म्हटल्यावर घासाघीस करणारा माणूस हॉटेलात 'बासा इन लेमन बटर सॉस'चे पैसे बिनबोभाट देतो.

मग कोपीचं काय होणार?

नावाने दार उघडतं, पण आत काय आहे तेही बघावं लागतं. चंदेऱ्याच्या मांसात इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे बारीक दुफाटे काटे असतात. रोहू खाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, तोंडातल्या तोंडात काटा बाजूला काढायची सवय असते. अमेरिकन गिऱ्हाइकाला मात्र बिनकाट्याचा तुकडा लागतो. त्यामुळे कोपी विकायचा तर खिमा, टिक्की, सॉसेज असा माल करावा लागतो. त्यासाठी कारखाने हवेत, शीतगृहं हवीत.

नदीवरच्या मासेमाराचा हिशोबही नाजूक आहे. हा मासा बराच काळ खत, पाळीव प्राण्यांचं खाद्य आणि आमिष म्हणून कवडीमोल जायचा. डिझेलही सुटेना, म्हणून इलिनॉयने २०१९ पासून पिओरियाच्या पट्ट्यात पकडलेल्या माशावर पौंडामागे १० सेंट जादा द्यायला सुरुवात केली. कोपीची मागणी वाढली तर हे अनुदान न घेताही धंदा चालेल, अशी मांडणी आहे.

पण काही शास्त्रज्ञ इथेच सावध करतात. कारखाना उभा राहिला की त्याला दरवर्षी मासा लागणार, बँकेचे हप्ते भरायचे असणार. उद्या नदीतला मासा खरंच कमी झाला तर तो संपावा असं कारखानदाराला, मासेमाराला वाटेल का? जो मासा संपवायचा त्याचाच बाजार उभारायचा, हा डाव उलटू शकतो. भारतात याची एक बाजू दिसलेली आहे. १९५९ मध्ये चंदेरा भारतात आला, १९७१ च्या पुरात तो हिमाचलच्या गोविंदसागर जलाशयात निसटला आणि काही वर्षांत त्याने कटल्याला मागे टाकलं. तिथल्या मासेमारांचं पोट मग त्याच्यावरच चालायला लागलं. आता त्याला घुसखोर कोण म्हणणार?

म्हणून नुसत्या नावावर कुणी विसंबलेलं नाही. शिकागोजवळ जोलिएट इथल्या ब्रँडन रोड बंधाऱ्यावर वीज, आवाज आणि हवेच्या बुडबुड्यांचा अडथळा उभारायचा १ अब्ज डॉलरहून मोठा प्रकल्प ठरलाय. जुलै २०२४ मध्ये इलिनॉय, मिशिगन आणि लष्कराचा अभियंता विभाग यांच्यात करार झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्राचे पैसे मिळण्याची खात्री नाही म्हणून इलिनॉयने जमीन घेण्याचं काम थांबवलं, मे महिन्यात ट्रम्प यांनी प्रकल्पाला पाठिंब्याचा आदेश काढला.

तिकडे चीनमध्ये, या चौघांच्या मूळ यांगत्से नदीत, धरणं आणि बेसुमार पकडीमुळे त्यांची नैसर्गिक पैदास १९५० च्या तुलनेत अगदी थोडी उरली आहे. १ जानेवारी २०२१ पासून चीनने या नदीत दहा वर्षांसाठी मासेमारी बंद केलीय.